पहिला तोल मालकाचा

धरणगावच्या पेठेत कापूस मोजायला आलेला माणूस आधी मला भेटतो आणि मग शेठला. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. अंग लोखंडाचं, खाली चार चाकं आणि वर पितळी दांडी. माझ्या पाटावर कापसाचं गाठोडं ठेवायचं, दांडीवरचं वजन हळूहळू सरकवायचं आणि दांडी अधांतरी स्थिर झाली की आकडा वाचायचा. जे ठेवलं ते सांगायचं, उचललं की विसरून जायचं. जन्मभर हेच केल्यामुळे सुखदुःखाच्या बाबतीत मी जरा मठ्ठ झालो आहे. तेव्हा पुढची गोष्ट मी कोरड्या आवाजात सांगितली तर रागावू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भट्टीची धग, घणाचे घाव आणि शेवटी अंगावर बसलेला हिरवा रंग, एवढंच त्यातलं आठवतं. मालगाडीतून मी धरणगावला उतरलो. मला घ्यायला रतिलाल शेठ स्वतः स्टेशनावर आले होते. हे घराणं मूळचं मारवाडातलं, जैन, पण कापसाच्या व्यापारात इथलंच होऊन गेलेलं. त्यांनी मला बैलगाडीतून वखारीत आणलं, दांडीला कुंकू लावलं आणि हमालांना बजावलं, "यावर पाय देऊन कुणी चढायचं नाही. आपली भाकरी आहे ही." त्या काळी माझं फार कौतुक होतं. रोज सकाळी मला पुसायचे, सांध्यांना तेल द्यायचे. आजूबाजूचे व्यापारी मुद्दाम मला बघायला यायचे. मीही तेव्हा जरा ताठ्यातच असायचो.

रतिलाल शेठनी वखारीत एक प्रथा पाडली. आमच्याकडे कापसाची खरेदी दसऱ्याला सुरू होते. त्या दिवशी माझी पूजा होते, गळ्यात झेंडूचा हार पडतो. पण पहिलं गाठोडं चढण्याआधी मालकाने स्वतः माझ्या पाटावर बसायचं. मापाडी, म्हणजे माल मोजणारा माणूस, पहिल्या तोलाला कधी 'एक' म्हणत नाही. तो 'लाभ' म्हणतो आणि मग पुढे दोन, तीन असं मोजतो. आमच्या वखारीत मालकाचं वजन हाच हंगामाचा लाभ. मापाड्याने तो मोठ्याने पुकारायचा, गूळखोबरं वाटायचं आणि मग कापसाला हात लावायचा. मालक मागच्या सालापेक्षा जड भरला की हंगाम चांगला जाणार असं सगळे धरून चालायचे. हलका भरला तर काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. कारण तसं कधी झालंच नव्हतं.

रतिलाल शेठनंतर त्यांचे चिरंजीव मदनलाल गादीवर बसले. मदनलाल शेठ खाण्याचे शौकीन. कचोरी म्हणू नका, घेवर म्हणू नका, आणि वरून तूप. दर दसऱ्याला दांडीवरचं वजन थोडं पुढे सरकायचं आणि दर दसऱ्याला टाळ्या पडायच्या. पोट पाटाच्या बाहेर येऊ लागलं तरी लोक म्हणायचे, शेठवर लक्ष्मी प्रसन्न आहे. माडीवर चढताना त्यांना धाप लागायची. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मापाडी होता वना. जवळच्याच खेड्यातला, शेठच्याच वयाचा. मापाड्याने मनात आणलं तर वजन हवं तसं फिरवता येतं. पायाचा अंगठा पाटाच्या कोपऱ्यावर टेकवला की माल जड भरतो, खालून जरा उचलून धरला की हलका. वनाने हे कधी केलं नाही. मोजताना तो दोन्ही पाय मागे घेऊन उभा राहायचा, शेतकऱ्याला स्वच्छ दिसतील असे. त्यामुळे भलते शंकेखोर शेतकरीसुद्धा आमच्याकडे माल घालून खुशाल चहाला जायचे.

दरवर्षी वजनमापाचे साहेब यायचे. त्यांच्याजवळ सरकारी वजनं असायची. ती माझ्यावर ठेवून बघायचे, दांडी निरखायचे आणि सगळं ठीक असेल तर शिशाचा शिक्का मारून जायचे. तो शिक्का नसेल तर माझ्यावर एक बोंडसुद्धा मोजता येत नाही. मी कितीही धडधाकट असलो तरी तपासणी चुकत नाही. त्या दिवशी मदनलाल शेठ सगळी कामं बाजूला ठेवून हजर राहायचे आणि शिक्का बसला की समाधानाने पान खायचे. त्यांना स्वतःला मात्र कधी कुणी तपासलं नव्हतं. वनालाही नाही. ताप आला तर दोघं मेडिकलमधून गोळी आणायचे आणि दुसऱ्या दिवशी वखारीत हजर.

एका हिवाळ्यात समाजाच्या सभागृहात आरोग्य शिबिर भरलं. खर्च मदनलाल शेठचा होता. शिबिरवाल्यांचा छोटा काटा वाटेतच मोडला म्हणून टेम्पोत घालून मलाच तिकडे नेलं. दिवसभर माझ्यावर बाया चढल्या, पोरं चढली, म्हाताऱ्या चढल्या. पुरुष मंडळी बाहेर चहा पीत उभी होती. शेठनी फीत कापली, हार घेतला आणि निघाले. तपासणीच्या टेबलावर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शेठना अडवलं.

"शेठजी, तुम्हीही बसा ना. साखर, बीपी बघू. पन्नाशी झाली की पोटाची, प्रोस्टेटची तपासणीसुद्धा एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावी."

"मला काय धाड भरलीये? चार माणसांचं जेवतो मी. माझी पाळी एखाद्या गरिबाला द्या."

"त्रास सुरू झाल्यावर तर सगळेच येतात. त्याआधी यायचं असतं."

शेठ हसले, हात जोडले आणि गाडीत बसले. वना दाराशी उभा होता. बाईंनी त्यालाही बोलावलं. "माले काय व्हयेल शे?" मला काय झालंय, असं म्हणून तो मला टेम्पोत चढवायला लागला. सगळ्यांना शेठचं फार कौतुक वाटलं. स्वतःची पाळी गरिबाला देणारा माणूस कुठे मिळतो?

पुढच्या पावसाळ्यात शेठनी पर्युषणात अठ्ठाई केली. म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. गावात मिरवणूक निघाली, पाहुणे आले, शेठच्या तपाची वाहवा झाली. पुढे दसरा आला. शेठ माझ्यावर बसले, वनाने दांडीवरचं वजन नेहमीच्या जागी सरकवलं आणि दांडी खाली पडली. त्याने ते मागे घेतलं. आणखी मागे घेतलं. गूळखोबऱ्याचं ताट कुणीतरी बाजूला ठेवलं.

"शेठ, काटा खराब व्हयी गया," वना म्हणाला.

त्या वर्षी पहिल्यांदा लाभ पुकारला गेला नाही. जळगावहून सुपडू मिस्त्रीला बोलावलं. त्याने मला उलटंपालटं केलं, पाती साफ केली, आपली वजनं ठेवून बघितली आणि सांगितलं की काटा बरोबर आहे. मग शेठनीच मांडीवर थाप मारली. "अरे, अठ्ठाई नाही का केली मी? तपाने उतरलं वजन!" वखारीचा जीव भांड्यात पडला. ज्याने त्याने तपाला हात जोडले. शेठचा मुलगा रोनक म्हणाला, "पप्पा, उलट फिट दिसताय." उपास सुटून कितीतरी दिवस झाले होते, शेठ पुन्हा पोटभर जेवत होते, मग वजन भरून का आलं नाही, हे कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर बोललं नाही.

त्याच्या पुढच्या पर्युषणात शेठना एक उपासही झेपला नाही. गालफडं बसली. गादीवर बसल्या बसल्या डोळा लागायचा. शौचाच्या वेळी रक्त पडत होतं, पण मूळव्याध असेल म्हणून ते कुणाशी बोलत नव्हते आणि गुपचूप चूर्ण खात होते. हे मला फार नंतर, रोनकच्या बोलण्यातून कळलं.

मग तो दसरा आला. पूजेसाठी शेठच्या पत्नी चंदनबाई वखारीत आल्या होत्या. वना हार आणायला बाहेर गेला होता. दोघं नवराबायको घरातल्या मारवाडीत बोलत होते. मी तुम्हाला ते मराठीत सांगतो.

"किती दिवस झाले सांगतेय, एकदा जळगावला जाऊन दाखवून येऊ," चंदनबाई म्हणाल्या. "तुमचा चेहरा बघवत नाही मला."

"झालं तुझं सुरू? बरं, असं कर. आत्ता बसतोच आहे काट्यावर. हलका भरलो तर उद्या सकाळी जळगाव. आणि जड भरलो तर वर्षभर डॉक्टरचं नाव काढायचं नाही. कबूल?"

चंदनबाईंनी माझ्याकडे बघितलं. "कबूल," त्या म्हणाल्या.

माझ्यावर आजवर लाखोंचा माल मोजला गेला. त्या दिवशी काय मोजायचं आहे ते फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. वना हार घेऊन आला. शेतकरी, हमाल, आजूबाजूचे व्यापारी गोळा झाले. शेठ वनाच्या खांद्याला धरून माझ्यावर बसले. किती हलके झाले होते ते! वनाने दांडीला हात लावला आणि त्याच्या लक्षात आलं. त्याने वर बघितलं. समोर शेठ हसत होते, पण त्यांचे डोळे दांडीवर खिळले होते. मागच्या साली लाभ पुकारला नव्हता. यंदाही नाही पुकारला तर शेठचं तोंड उतरेल, चार लोकांत बोभाटा होईल, सणाचा दिवस नासेल. एवढंच त्या बिचाऱ्याच्या मनात आलं असावं.

त्याने उजव्या पायाचा अंगठा हळूच माझ्या मागच्या कोपऱ्यावर ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्याला सवय नसल्यामुळे त्याने तो जरा जास्तच दाबला. दांडी वर उचलली गेली, डोलली, स्थिर झाली. "लाभ!" वना ओरडला. "मांगला सालपेक्षा वर! शेठ, बठ्ठं भरी निघनं!" म्हणजे उतरलेलं सगळं भरून निघालं. टाळ्या पडल्या. गूळखोबरं फिरलं. शेठच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. ते चंदनबाईंकडे वळून म्हणाले, "बघ." चंदनबाईंनी पदर नीट केला आणि प्रसादाचं ताट उचललं.

मी ओरडू शकलो नाही. मला तोंड नाही, दांडी आहे, आणि जेवढं दाबलं गेलं तेवढं तिने दाखवलं.

पौषात शेठ वखारीतच चक्कर येऊन पडले. आधी जळगाव, मग मुंबई. आतड्यात गाठ होती आणि ती पसरत यकृतापर्यंत पोचली होती. एकदा रोनक मुंबईहून आला तेव्हा माझ्या पाटावर टेकून वनाशी बोलत होता. "डॉक्टर म्हणतात, शिबिराच्या वेळी तपासलं असतं तर गाठ लहान असतानाच काढता आली असती. अगदी दसऱ्याला आलो असतो तरी थोडंफार करता आलं असतं. पण दसऱ्याला तर पप्पांचं वजन वाढलं होतं ना, वनाकाका?"

वना फडका घेऊन माझी दांडी पुसत राहिला. स्वच्छच होती ती.

होळीच्या आधी शेठ गेले. बातमी आली तेव्हा माझ्यावर एक गाठोडं होतं. ते तसंच राहिलं. मला काही वाटलं नाही. काय वाटायला हवं तेच मला कळलं नाही. गाठोड्याचं वजन मात्र मी रात्रंदिवस दाखवत राहिलो, कुणी वाचायला नसताना. वखार बंद झाली. पाटावर धूळ बसली, दांडीवर कोळ्याने जाळं विणलं. वना रोज येऊन कुलूप उघडायचा, ओसरीवर बसायचा आणि संध्याकाळी कुलूप लावून जायचा. तोही माझ्यासारखाच झाला होता. जेवला का विचारलं तर मान हलवायचा. जेवला होता की नव्हता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एका सकाळी चंदनबाई रोनकला घेऊन वखार बघायला आल्या. उरलेला कापूस काढायचा होता. वना त्यांच्यासमोर उभा राहिला आणि खाली बघून बोलला.

"अक्का, दसराले शेठनं वजन वाढेल नव्हतं. मी पाय ठेवा व्हता."

रोनकच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. मला वाटलं, आता चंदनबाई ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यांच्या विजारी कमरेत मी आत घेत होते, वनाभाऊ," त्या म्हणाल्या. "ढगळ दिसू नयेत म्हणून. तीनदा घेतल्या. आतून शिवण घालायचे, म्हणजे यांनाही कळू नये आणि मलाही दिसू नये. हा रोनक फोटो काढताना म्हणायचा, पप्पा, शाल घ्या अंगावर, छान दिसते. काट्यावर तुम्ही एकट्याने पाय ठेवला होता का?"

रोनक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वना खाली बसला. तेव्हा पहिल्यांदा तो रडला. आवाज न करता, फेट्याच्या टोकाने तोंड दाबून.

चंदनबाईंनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "तुम्ही कधी तपासून घेतलंय?"

"माले काय व्हयेल शे, अक्का?"

हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. चंदनबाईंनी रोनककडे बघितलं.

"गाडी काढ. वनाभाऊंना घेऊन जा. आणि तूही तपासून घे."

"अक्का, कापूस काढाना बाकी शे..."

"कापूस कुठे जात नाही."

ते दोघं गेले. चंदनबाई मात्र थांबल्या. ओसरीवर वनाच्या जागी बसून राहिल्या, संध्याकाळ होईपर्यंत. गाडी परत आली तेव्हा वनाच्या हातात गोळ्यांची पिशवी होती. त्याची साखर भलतीच वाढली होती आणि रक्तदाबही. किती वर्षांपासून, ते देवाला ठाऊक. अजून काही बिघडलेलं नाही, गोळ्या घ्या, गोड कमी करा, वजनावर लक्ष ठेवा आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोनकला डॉक्टरांनी सांगितलं की वडिलांना हा आजार होता, तेव्हा तुम्ही चाळिशीची वाट बघू नका. तपासणीची तारीख घेऊनच तो परतला होता.

वनाने चपला काढल्या, माझ्या पाटावरचं गाठोडं उतरवलं आणि रोनकला दांडीशी उभं केलं. मग तो माझ्यावर चढला. इतकी वर्षं त्याने अख्ख्या पंचक्रोशीचा कापूस मोजला, स्वतः कधी चढला नव्हता. त्याच्या एका अंगठ्याचं वजन तेवढं मला माहीत होतं. रोनकने आकडा वाचला. कुणी लाभ म्हटलं नाही. वनाने मान हलवली आणि तो खाली उतरला.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा माणूस असेल. बाबा असतील, काका असतील, आजोबा असतील. गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करतात, विहिरीवरच्या मोटारीला दरसाल ग्रीस देतात, तुमच्या दाढदुखीला लगेच दवाखान्यात धावतात. आज घरी गेलात की त्यांना विचारा, तुम्ही स्वतः शेवटचं कधी तपासून घेतलं? ते म्हणतील, मला काय झालंय? ते हसतील, थट्टा करतील, फारच झालं तर तुमच्यावर खेकसतील. तुम्हालाही वाटेल, कशाला उगाच त्यांचा मूड घालवा, सण आहे, चार पाहुणे आलेत, नंतर बघू.

तेव्हा पाय मागे घ्या. त्यांचा हात धरा आणि घेऊन जा.